महागडा गेमिंग लॅपटॉप घेताना पैसे कुठे घालायचे आणि कुठे राखायचे

समजा, दोन लॅपटॉप एकाच किमतीला मिळतायत. पहिल्यात १२ जीबी व्हीआरॅमचं (म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचं) आरटीएक्स ५०७० टीआय ग्राफिक्स कार्ड आहे, पण रॅम फक्त १६ जीबी आणि एसएसडी ५१२ जीबी. दुसऱ्यात ८ जीबी व्हीआरॅमचं आरटीएक्स ५०७०, सोबत ३२ जीबी रॅम आणि २ टीबी एसएसडी. यादी वाचली की दुसरा भरगच्च वाटतो आणि नवखा माणूस तोच उचलतो. पण पहिल्यात रॅम आणि एसएसडी नंतर केव्हाही घालता येतील. दुसऱ्याचं ग्राफिक्स कार्ड शेवटच्या दिवसापर्यंत तेच राहणार, आणि त्या ८ जीबीचे १२ जीबी करायला कुठलाही मार्ग नाही.

म्हणून खरेदीच्या दिवशी पैसा आधी त्या भागांत घाला, जे पुढे बदलता येत नाहीत. बाकीचं सावकाश करता येतं. मात्र त्यासाठी लॅपटॉपमध्ये तशी जागा आहे की नाही, हे पैसे देण्याआधी स्वतः तपासलेलं हवं.

१. काय बदलतं आणि काय बदलत नाही

आजच्या जवळजवळ सगळ्या गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. व्हीआरॅम, पोर्ट आणि हीटपाइपची रचनाही घेतली तशीच राहते. स्क्रीन खोलून बदलता येते, पण केबल, कनेक्टर आणि बिजागऱ्यांची मापं जुळवावी लागतात, त्यामुळे तो अपग्रेडचा मार्ग धरू नका, दुरुस्तीचा धरा.

एसएसडी आणि बॅटरी बहुतेक यंत्रांत बदलता येते. पंखेही मिळतात. रॅम आणि वायफाय कार्ड मॉडेलवर अवलंबून असतं, आणि फसगत नेमकी इथेच होते.

ग्राफिक्स बदलता येईल अशी यंत्रं अगदी मोजकी आहेत. फ्रेमवर्क लॅपटॉप १६ मध्ये मागच्या बाजूचं ग्राफिक्स मॉड्यूल काढून दुसरं बसवता येतं. आधी त्यासाठी रेडिऑन आरएक्स ७७००एस होतं, २०२५ मध्ये आरटीएक्स ५०७० चं मॉड्यूल आलं. पूर्वी काही जाड लॅपटॉपमध्ये एमएक्सएम नावाचा स्लॉट असायचा, पण स्लॉट असूनही नवं कार्ड बसेलच असं नसायचं: हीटसिंकचा आकार जुळायचा नाही, बायॉस (यंत्र सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) कार्ड ओळखायचं नाही किंवा वीज पुरायची नाही. त्यामुळे ‘पुढे ग्राफिक्स बदलता येईल’ या वाक्यासाठी जादा पैसे मागितले, तर पुढचं मॉड्यूल आज विक्रीला आहे का ते बघा. आश्वासनासाठी पैसे मोजू नका.

२. ग्राफिक्स कार्डाचं नाव वाचून थांबू नका, वॅट बघा

या खरेदीतला सगळ्यात महाग गैरसमज नावातून होतो. लॅपटॉपमधलं आणि डेस्कटॉपमधलं कार्ड एकाच नावाचं असलं तरी एक नसतं. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०९० ला २४ जीबी व्हीआरॅम आहे, लॅपटॉपच्या ४०९० ला १६ जीबी, आणि आतली चिपही वेगळी. ५०९० चंही तसंच: डेस्कटॉपला ३२ जीबी, लॅपटॉपला २४ जीबी. म्हणून डेस्कटॉप कार्डाच्या चाचण्या बघून लॅपटॉपचा अंदाज बांधू नका.

दुसरी गोष्ट, लॅपटॉपचं एकच कार्ड वेगवेगळ्या विजेवर चालवायची मुभा उत्पादकाला असते. लॅपटॉप आरटीएक्स ४०६० साठी ही कक्षा ३५ ते ११५ वॅट आहे. पातळ यंत्रातलं कमी वॅटचं ४०६० आणि जाड यंत्रातलं पूर्ण वॅटचं ४०६० यांच्यात इतकं अंतर पडतं की ती दोन वेगळी कार्डं समजावीत. हा आकडा ‘टीजीपी’ किंवा ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’ या नावाने तपशिलाच्या पानावर, बऱ्याचदा तळटिपेत बारीक अक्षरांत असतो. कुठेच सापडला नाही तर त्या मॉडेलची सविस्तर चाचणी मिळेपर्यंत थांबा.

त्या आकड्यात ‘डायनॅमिक बूस्ट’ धरलेला असू शकतो. १७५ वॅट लिहिलं असेल, तर त्यातले १५० कार्डाचे आणि २५ प्रोसेसर हलका असताना उसने मिळणारे, असा हिशेब असतो. प्रोसेसरवर ताण टाकणाऱ्या गेममध्ये ते २५ वॅट मिळत नाहीत.

वॅट जितके जास्त तितकं बरं, पण एका मर्यादेपर्यंत. ४०६० ला साधारण १०० वॅटच्या वर दिल्याने फारसं हाती लागत नाही. शिखरावरची गोष्ट उलटी आहे: लॅपटॉपमधल्या ५०८० आणि ५०९० या दोघांनाही कमाल वीज जवळपास सारखीच मिळते, त्यामुळे मोठ्या चिपचे हात बांधलेले राहतात. किमतीतलं अंतर मोठं आणि फ्रेममधलं अंतर लहान, असा तो सौदा आहे. २४ जीबी व्हीआरॅम त्रिमितीय कामाला किंवा एआय मॉडेल यंत्रावरच चालवायला लागत असेल तर ५०९० घ्या. निव्वळ गेमिंगसाठी १६ जीबीचं ५०८० माझ्या मते जास्त शहाणपणाचं.

व्हीआरॅमबद्दल एक खूण लक्षात ठेवा. ती भरली की जादाचा डेटा पीसीआयई मार्गाने साध्या रॅममध्ये जातो, आणि तो मार्ग व्हीआरॅमच्या मानाने फार अरुंद आहे. सरासरी फ्रेम रेट ठीक दिसतो, पण कॅमेरा वळवला की चित्र अडखळतं. चाचणी वाचताना सरासरीच्या शेजारचा ‘१ टक्का लो’ हा आकडा (सर्वांत संथ १ टक्का फ्रेमचा वेग) बघा. दुखणं तिथे दिसतं.

३. स्क्रीन कार्डाला पेलेल अशी निवडा

१९२०×१०८० मध्ये साधारण २०.७ लाख पिक्सेल असतात, २५६०×१६०० मध्ये ४१ लाख, आणि ४के मध्ये ८३ लाख. म्हणजे ४के स्क्रीन कार्डाकडून चौपट काम मागते. ८ जीबी कार्डावर ४के स्क्रीनचे जादा पैसे देणं वाया जातं. १६ इंची यंत्राला २५६०×१६०० पुरेसं आहे.

एमयूएक्स स्विच (ग्राफिक्स कार्ड थेट स्क्रीनशी जोडणारा) आहे का तेही बघा. तो नसेल तर प्रत्येक फ्रेम प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्समधून फिरून स्क्रीनवर येते आणि वेग थोडा गळतो. हा भागही नंतर बसवता येत नाही.

४. रॅम: इथे घाई करू नका

तपशिलात ‘एलपीडीडीआर५एक्स’ किंवा ‘ऑनबोर्ड’ हा शब्द दिसला की रॅम सोल्डर केलेली समजा. (एलपीकॅम२ नावाचं सुटं मॉड्यूल याला अपवाद आहे, पण ते असेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं.) अशा यंत्रात ३२ जीबी हवी असेल तर ती खरेदीच्याच दिवशी घ्यावी लागते. ‘डीडीआर५ सो-डिम (म्हणजे सुटी पट्टी), २ स्लॉट’ असं लिहिलं असेल तर तुम्ही मोकळे आहात. तिसरा प्रकार म्हणजे थोडी रॅम सोल्डर केलेली आणि एकच स्लॉट. तिथे कमाल क्षमता किती, ते वेगळं तपासा.

सुटी रॅम असली तरी चार ठिकाणी पाय घसरतो.

एकच पट्टी: १६ जीबीची एकच पट्टी घातलेलं यंत्र स्वस्त दिसतं, पण मेमरीचा मार्ग निम्माच वापरला जातो. प्रोसेसरवर अवलंबून असलेल्या गेममध्ये हे लगेच जाणवतं. दुसरी पट्टी घालायचीच आहे, असं धरून हिशेब करा.

८ जीबीच्या दोन पट्ट्या: डीडीआर५ च्या ८ जीबी पट्टीवर सहसा चारच मोठ्या रुंदीच्या चिपा असतात आणि त्यांत बँक ग्रुप (चिपमधले मेमरीचे गट) निम्मे असतात. त्यामुळे ८+८ ही जोडी १६+१६ पेक्षा क्षमतेने तर कमी असतेच, वेगानेही थोडी मागे पडते. शिवाय दोन्ही स्लॉट भरलेले असल्यामुळे अपग्रेड करताना दोन्ही पट्ट्या काढून ठेवाव्या लागतात.

एक्सएमपीचा वेग: पाकिटावर ६४०० लिहिलेली पट्टी घेतली आणि यंत्रात ती ४८०० वर चालते, ही नेहमीची तक्रार आहे. बहुतेक लॅपटॉप एक्सएमपी (पट्टीत साठवलेली जादा वेगाची सेटिंग) वाचत नाहीत, ते जेडेक या मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या प्रमाणातला वेग वाचतात. ‘५६००, १.१ व्होल्ट, जेडेक’ असं लिहिलेली पट्टी घ्या.

डीडीआर४ आणि डीडीआर५ ची गल्लत: डीडीआर४ सो-डिमला २६० पिना, डीडीआर५ ला २६२, आणि खाच वेगळ्या जागी. एक दुसऱ्यात बसत नाही. जोर लावून स्लॉट मोडू नका.

आता भाव. ‘कमी रॅमचं यंत्र घ्या आणि रॅम बाहेरून घाला’ हा सल्ला वर्षानुवर्षं बरोबर ठरला, पण रॅमचे भाव स्थिर नसतात. २०२५ च्या अखेरीस ते झपाट्याने चढले, आणि अशा काळात कारखान्यातून भरून आलेलं मॉडेलच स्वस्त पडू शकतं. म्हणून त्या दिवशीचा भाव बघूनच ठरवा.

५. एसएसडी: स्लॉट मोजा, लांबी मोजा

एम.२ एसएसडीवरचा २२८० हा आकडा म्हणजे २२ मिलिमीटर रुंदी आणि ८० मिलिमीटर लांबी. २२४२ आणि २२३० हे तिचे आखूड भाऊ. यंत्रात दुसरा स्लॉट असतो, पण तो आखूड असू शकतो किंवा त्याची पीसीआयई पिढी जुनी असू शकते. ४ टीबीच्या काही एसएसडींवर दोन्ही बाजूंना चिपा असतात. पातळ यंत्राच्या स्लॉटखाली तेवढी जागा नसेल तर पट्टी वाकते. एकाच बाजूला चिपा असलेली मागून घ्या.

वेग पिढीगणिक साधारण दुपटीने वाढतो: पीसीआयई ३.० ला सेकंदाला सुमारे ३.५ जीबी, ४.० ला ७, आणि ५.० ला १४ च्या आसपास. गेम उघडण्याच्या वेळेत ४.० आणि ५.० मधला फरक क्वचितच कळतो, उष्णता मात्र कळते. लॅपटॉपसाठी ४.० ची २ टीबी घेणं मला सगळ्यात पटतं. १०० जीबीच्या वरचे गेम आता सर्रास असल्यामुळे ५१२ जीबी महिन्याभरात भरते.

६. हिशेब कसा मांडायचा

मूळ मॉडेलची किंमत १०० धरा. रॅम आणि एसएसडी वाढवलेलं मॉडेल, समजा, ११८ ला आहे. तीच क्षमता बाहेरून घ्यायला ११ लागतात आणि निघालेली पट्टी विकून २ परत येतात. म्हणजे तुमचा खर्च ९ आणि कारखान्याचा १८. उरलेले ९ वरच्या ग्राफिक्स कार्डाकडे वळवता येतात का, ते बघा. फरक २-३ इतकाच निघाला तर भरलेलं मॉडेल घ्या. वॉरंटी एका जागी राहते आणि खोलण्याचा त्रासही वाचतो.

त्यानंतर वर्षाचा खर्च काढा: खरेदीची किंमत वजा विकताना येणारी किंमत, भागिले वापराची वर्षं. तोच लॅपटॉप दोन-तीन वर्षं जुना किती भावात विकला जातोय ते बघितलं की विक्रीची किंमत अंदाजाने कळते. ग्राफिक्स बदलता येत नसल्यामुळे लॅपटॉपचं खरं अपग्रेड म्हणजे तो विकून दुसरा घेणं, आणि कित्येकदा सर्वांत महागडा लॅपटॉप ५ वर्षं ओढण्यापेक्षा त्याखालचा घेऊन ३ वर्षांनी बदलणं स्वस्त पडतं.

बाहेरून जोडायच्या ग्राफिक्स कार्डाला या हिशेबात धरू नका. थंडरबोल्ट ४ (बाहेरची उपकरणं जोडायचा वेगवान पोर्ट) मधून पीसीआयईला सेकंदाला ३२ गिगाबिट मिळतात, थंडरबोल्ट ५ मधून ६४, तर आतल्या ८ लेनच्या पीसीआयई ४.० कार्डाला १२८. वेग गळतो, आणि डबा, वीजपुरवठा आणि कार्ड यांची बेरीज डेस्कटॉपच्या जवळ जाते.

७. सर्व्हिस मॅन्युअल आधी वाचा, पैसे नंतर द्या

डेल, एचपी, लेनोव्हो यांसारखे उत्पादक दुरुस्तीची मॅन्युअल सर्वांसाठी खुली ठेवतात. आपल्या नेमक्या मॉडेलचं उतरवून घ्या आणि त्यात हे शोधा: रॅमचे स्लॉट किती आणि कमाल क्षमता किती, एम.२ स्लॉटची लांबी आणि पिढी, वायफाय कार्ड सुटं आहे का, बॅटरीचा पार्ट नंबर, आणि खालचं झाकण काढायला किती पायऱ्या लागतात. काही यंत्रांत मदरबोर्ड उलटा बसवलेला असतो आणि रॅमपर्यंत पोचायला सगळं काढावं लागतं. असं यंत्र कागदावर ‘अपग्रेडेबल’ असलं तरी नवख्याने त्याला सोल्डर केलेलंच समजावं.

त्याच मालिकेतल्या गेल्या वर्षीच्या मॉडेलचं मॅन्युअल चालत नाही. स्लॉट एका वर्षात नाहीसे होतात.

चार्जरचे वॅटही इथेच बघा. १७५ वॅटचं कार्ड आणि सोबत प्रोसेसर चालवायला ३३० वॅटच्या आसपासचा चार्जर लागतो. तो कमी पडला तर खेळताना चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरत जाते. यूएसबी-सी वरून १०० वॅट घेणाऱ्या यंत्राला त्यावर लिखाण-वाचन जमतं, गेम जमत नाही.

८. काय काय जवळ हवं

कागदपत्रं: खरेदीचं बिल, सिरियल नंबर, वॉरंटीच्या अटींची प्रत (झाकण उघडण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचलेलं), सर्व्हिस मॅन्युअल, आणि बिटलॉकरची (विंडोजमधलं डिस्कचं कुलूप) रिकव्हरी की.

साहित्य: फिलिप्स ० आणि ०० नंबरचे स्क्रूड्रायव्हर, प्लास्टिकची पातळ पट्टी किंवा पिक, स्क्रू ठेवायला खणांचा ट्रे, एम.२ चा एक जादा स्क्रू आणि थर्मल पॅड (रिकाम्या स्लॉटसोबत हे दोन्ही बरेचदा नसतात), आणि १६ जीबीचा पेनड्राइव्ह.

९. उघडणं आणि बसवणं

बायॉस अपडेट करणार असाल किंवा विंडोज असलेली एसएसडी बदलणार असाल, तर आधी बिटलॉकर थांबवा. नव्या लॅपटॉपमध्ये ते तुम्हाला न विचारता चालू असू शकतं, आणि रिकव्हरी की नसेल तर डेटा गेलाच समजा.

लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा. स्क्रू काढताना ते ज्या जागी होते त्याच आकृतीत ट्रेमध्ये मांडा. लांबी वेगवेगळी असते, आणि लांब स्क्रू आखूड जागी घातला तर तो वरून बाहेर टोचतो. काही स्क्रू झाकणातच अडकलेले राहतात, ते ओढू नका. पिक कुठून घालायचा ते मॅन्युअलमध्ये दाखवलेलं असतं. कडेने सरकवत एकेक क्लिप सोडवा.

आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. कनेक्टर दोन्ही कडांना धरून मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या दिशेनेच सरकवा, तारांना धरून ओढू नका. त्यानंतर पॉवर बटण १०-१५ सेकंद दाबून ठेवा.

रॅमच्या स्लॉटच्या दोन्ही बाजूंचे चिमटे बाहेर दाबले की पट्टी आपोआप तिरकी उभी राहते. नवी पट्टी त्याच तिरक्या कोनात आत सरकवा. सोनेरी दातांची फक्त एक बारीक रेघ दिसत राहिली पाहिजे. मग खाली दाबा, दोन्ही चिमटे एकदम ‘टक’ करून बसतात. एकच बसला तर पट्टी काढून पुन्हा घाला.

बॅटरीचा कनेक्टर आणि झाकण परत लावून पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काळी राहील. डीडीआर५ बदलल्यावर यंत्र मेमरीचं ट्रेनिंग करतं, त्याला काही मिनिटं लागू शकतात आणि मध्ये एकदोनदा ते स्वतःच बंद-चालू होतं. घाबरून पॉवर बटण दाबू नका. दहा मिनिटं वाट बघूनही काही झालं नाही, तरच झाकण पुन्हा उघडा.

नव्या एसएसडीवर विंडोज टाकताना ड्राइव्हच दिसत नसेल, तर ती बहुधा खराब नाही. इंटेलच्या अनेक यंत्रांत व्हीएमडी (एसएसडी हाताळणारी इंटेलची व्यवस्था) चालू असतं आणि त्याचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो. तो आधीच उतरवून ठेवा.

हीटसिंकला हात लावू नका. कारखान्यात लिक्विड मेटल वापरलेलं असेल तर त्यातलं गॅलियम वीज वाहून नेतं आणि ॲल्युमिनियम खातं. एक थेंब बोर्डावर पडला तर यंत्र गेलं. धूळ मात्र जरूर काढा, फक्त हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

१०. परतीची मुदत संपण्याआधी

झाकण उघडायच्या आधी मूळ स्थितीतच यंत्र तपासा, म्हणजे दोष निघाला तर तो तुमच्या माथी येणार नाही. एकरंगी पार्श्वभूमी लावून मृत पिक्सेल बघा, आणि अंधारात काळ्या पडद्यावर कडांतून उजेड गळतो का ते बघा. अर्धा तास जड गेम चालवा आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये ग्राफिक्सचे वॅट वाचा: जाहीर केलेला आकडा पहिल्या मिनिटात दिसून नंतर कायमचा घसरत असेल, तर थंडावा अपुरा आहे. तोच ॲप बॅटरीची मूळ आणि सध्याची क्षमताही दाखवतो. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडीचे वापराचे तास बघा. नव्या यंत्रात ते अगदी थोडे असायला हवेत.

यानंतर रॅम घाला, मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची किमान एक पूर्ण फेरी चालवा, आणि निघालेली मूळ पट्टी मुदत संपेपर्यंत विकू नका. यंत्र परत करायची वेळ आली तर ती जागच्या जागी लागते.